सांव रॉकचं पाणी

"फुंक झेफेरीनु, फुंक! थांबलास की ती परत आत शिरेल!"

धुण्याच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका दगडी हौदाच्या कठड्यावर चढून उभ्या होत्या, पोरं बापांच्या खांद्यांवर बसली होती, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं ते पुढच्याच्या पाठीला टोचून विचारत होते, "काय झालं? झालं का पांढरं?" मधोमध पालथ्या पिंपावर काचेचा एक उभा पेला होता. पेल्यात बोरूची नळी होती, आणि नळीचं वरचं टोक तोंडात धरून झेफेरीनु गाल फुगवून फुंकत होता. नदीपलीकडे दारूच्या वखारीत पिंपं जोडणारा गडी तो, छाती भात्यासारखी. पाणी नुसतं उकळी फुटल्यासारखं खदखदत होतं.

आधी ते धुरकट झालं. मग दुधाळ. मग कुणी पेल्यात पीठ कालवावं तसं पांढरंफट्ट.

"पाहा बंधूंनो!" ब्रदर बेलार्मिनुनं दोन्ही हात वर केले. अंगात तपकिरी झगा, कमरेला सुतळी, आणि आवाज असा की पडवीची कौलं थरथरावीत. "ही पाहा ती स्पॅनिश बया! छातीत बिऱ्हाड करून बसली होती. सांव रॉकच्या पाण्यानं तिचा पदर धरून बाहेर ओढलीय! आता तिला बुडवायचं. फुंक, बाबा, अजून फुंक!"

झेफेरीनु लालबुंद झाला, पण फुंकत राहिला. आणि हळूहळू ते पांढरं पाणी विरळ होत गेलं, आणि शेवटी पुन्हा नितळ झालं. पेल्यातून पलीकडच्या माणसाचं नाक दिसायला लागलं.

"बुडाली!" ब्रदर गरजला.

"बुडाली! बुडाली!" सगळी पडवी ओरडली. कुणी रडत होतं, कुणी गुडघ्यावर बसलं होतं. झेफेरीनुच्या म्हाताऱ्या आईनं, कुश्तोदियाआजीनं, ब्रदरच्या झग्याचं टोक डोळ्यांना लावलं. ब्रदरनं झेफेरीनुच्या मनगटाला लाल दोरा बांधला, नळी झग्याला पुसली, आणि पुढच्या माणसाच्या तोंडात दिली.

मी पडवीच्या दाराशी तोंडावर रुमाल बांधून उभी होते. माझा जीव त्या पेल्यात नव्हता, त्या नळीत होता. आदल्या दिवसापासून किती तोंडांतून ती फिरली होती कोण जाणे.

ही गोष्ट १९१८ सालची, मानमोडीच्या, म्हणजे त्या स्पॅनिश तापाच्या साथीतली. पोर्तो शहरात आम्हा गरिबांची वस्ती 'बेटां'मधून. रस्त्याला तोंड करून एक बरं घर असतं; त्याच्या पोटातून अरुंद बोळ मागे जातो, आणि मागे एका ओळीत खोल्या, प्रत्येक खोलीत एक कुटुंब. एक विहीर, एक धुण्याची पडवी, टोकाला संडास. पुढच्या घरात खाली शाळा आणि वर मी. सगळे मला बाई म्हणत.

साथ आली तेव्हा शाळा बंद झाली. पालिकेचे डॉक्टर सार्मेंतु एक दिवस आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "बाई, औषध नाही. खोटं बोलत नाही तुमच्याशी. हा रोग कशानं होतो तेही आम्हाला नीट माहीत नाही. माणसापासून माणसाला होतो, श्वासातून, खोकल्यातून, एवढं माहीत आहे. तेवढ्यावरच काय ते करायचं."

"म्हणजे काय करायचं?"

"आजारी माणूस वेगळा ठेवायचा. खिडक्या उघड्या. त्याच्याजवळ एकानंच जायचं. गर्दी करायची नाही. बस."

"एका खोलीत सात माणसं राहतात, डॉक्टर. वेगळा कुठे ठेवू?"

त्यांनी शाळेकडे पाहिलं. मीही पाहिलं. संध्याकाळी आम्ही बाकं अंगणात काढली आणि पेंढ्याच्या गाद्या टाकल्या. एक विधवा या तापातून नुकतीच उठली होती. आजाऱ्यांचं ती पाहू लागली. दाराशी मी. आत कुणाला सोडत नव्हते, आईलासुद्धा नाही. आया खिडकीतून बघत आणि मला शिव्या घालत. पालिकेनं भिंतींना लावायला चुन्याचं पोतं दिलं होतं, तो आम्ही भिंतींना आणि संडासाला लावला.

आणि गंमत अशी की ते चाललं होतं! शेजारच्या बेटांतून रोज प्रेतं निघत होती, पेट्या मिळेनात म्हणून चादरीत गुंडाळून नेत होते. आमच्याकडे आजारी पडत होते, एक-दोघं गेलेही, पण आग पसरत नव्हती. मला वाटलं होतं, निभेल.

तेवढ्यात ब्रदर आला. राजाला घालवून आलेल्या रिपब्लिकच्या सरकारनं मठ बंद करून साधूंना देशाबाहेर काढलं, त्यांतलाच एक चोरून परत आलाय, असं तो स्वतःच सगळ्यांच्या कानात सांगायचा. म्हाताऱ्या बायकांना आणखी काय हवं? सांव रॉक म्हणजे साथीच्या रोगांपासून राखणारा संत. त्यानं म्हणे ज्या झऱ्यात जखमा धुतल्या, त्याचं पाणी ब्रदरच्या दोन सुरयांत भरलेलं होतं. सुरया काळ्या कापडाखाली. कापडाखाली हात घालून तो पेला भरायचा. पाणी पांढरं झालं तर रोग आहे, फुंकून नितळ केलं की गेला. पाणी मुळात पांढरंच झालं नाही तर माणूस शुद्ध. दोघांनाही लाल दोरा. दोरा बांधला की बया शिवत नाही. पैसे घेत नव्हता. फक्त मक्याचा पाव, तारल्या आणि कोबीचं सार; आणि त्या टंचाईच्या दिवसांत त्याच्याइतकं पोटभर अख्ख्या बेटात कुणी जेवत नव्हतं.

त्या दिवशी पडवीतून परतताना मी झेफेरीनुच्या बायकोला, देओलिंदाला, बोळात गाठलं. ती गिरणीत मागावर होती, पाचवा महिना चालू होता, आणि तिच्याही मनगटाला दोरा होता.

"अगं, तूसुद्धा?"

"माझं पाणी पांढरं झालंच नाही, बाई. नितळ राहिलं! सासूबाईंचंही." ती लहान मुलीसारखी हसली. "मुकादम म्हणाला, दोरा असेल तर कामावर ये."

"देओलिंदा, रोग काय पाण्यात दिसतो? नळीत पांढरी पूड असेल कसली तरी. उद्या मी माझी नळी घेऊन जाते, बघच."

"बघा." ती थोडी गंभीर झाली. "पण बाई, एक बोलू? राग नका मानू. डॉक्टर येतात आणि काय सांगतात? खिडकी उघडा. खिडकी उघडा, तोंड बांधा, जवळ जाऊ नका. माणूस मरायला टेकलंय आणि हे म्हणे खिडकी उघडा! हा निदान काहीतरी दाखवतो तरी."

मी रुमाल नीट बांधला आणि कुंपणाकडे बोरू तोडायला निघाले.

दुसऱ्या दिवशी मी माझी स्वतःची नळी घेऊन गेले. कुंपणातला बोरू तोडून, धुऊन आणली होती. पडवीत गेल्याबरोबर कुजबुज झाली.

"ब्रदर," मी मोठ्यानं म्हणाले, "माझ्या नळीनं फुंकलं तर चालेल?"

मला वाटलं होतं तो टाळेल. तो उलट खूश झाला. "या, बाई, या! सांव रॉकला सगळ्या नळ्या सारख्या. शिकलेल्यांच्यासुद्धा."

लोक हसले. त्यानं कापडाखाली पेला भरला. मी फुंकलं. पाच-सहा फुंका झाल्या असतील, पाणी धुरकटलं. मी थांबले.

"अरेरे," ब्रदर अगदी हळू, दुखऱ्या आवाजात म्हणाला. असं बोलणं त्याला आरडाओरड्यापेक्षा छान जमायचं. "बाई, रोज आजाऱ्यांच्या दाराशी बसता. साऱ्या बेटाला तुम्हीच तर वाटत नव्हता ना?"

माझ्याभोवतीची माणसं एका क्षणात मागे सरली. जिथं सुई टाकायला जागा नव्हती तिथं माझ्याभोवती मोकळं रिंगण झालं.

"मला काही झालेलं नाही!" मी ओरडले. "हात लावून बघा, ताप आहे का!"

कुणीही हात लावला नाही. मी फुंकून पाणी नितळ करते म्हटलं, तर ब्रदरनं पेला उचलून हौदात ओतला. "आज नाही. हिची फार जुनी आहे. कोंडून ठेवा, प्रार्थना करा."

आणि मला खरंच कोंडलं. ज्यांच्या पोरांना मी पाढे शिकवले त्यांनीच माझ्या दाराला बाहेरून अडसर लावला. वेगळं ठेवायचं, जवळ जायचं नाही, हा डॉक्टरांचा नियम आमच्या बेटानं सगळ्यात कडक पाळला तो एका धडधाकट बाईसाठी.

वरच्या खिडकीतून मला शाळेचं दार दिसत होतं. आता तिथं कुणी नव्हतं अडवायला. ती विधवा बिचारी एकटी काय करणार? लोक आपापल्या आजाऱ्याला गादीवरून उठवून, काखेत धरून, पडवीत फुंकायला नेत होते. कुणी धापा टाकत दोन फुंकांत कोसळायचं. "हिची जबर आहे, उद्या आणा," ब्रदर म्हणायचा. उद्या पुन्हा आणायचे. आणि पडवी गच्च भरलेली, नळी या तोंडातून त्या तोंडात.

देओलिंदा मात्र रोज माझ्या खिडकीखाली यायची. शिडी लावून साराची वाटी वर द्यायची.

"तुला माझी भीती नाही वाटत?"

तिनं मनगट वर करून दाखवलं. "दोरा आहे ना. आता गिरणीतून सुटले की शाळेतच असते मी. कुणी पाणी पाजायला नाही त्यांना. चार जणांना अंगावर टेकवून फुंकायला नेलं आज."

"देओलिंदा, तुझ्या पोटातल्या पोराची शपथ, जाऊ नकोस तिथं. दोऱ्यानं काही होत नाही."

"तुम्ही आजारी आहात, बाई. आजारी माणूस बडबडतो," ती मायेनं म्हणाली. "सार गरम आहे, प्या."

तिच्या बोलण्यात एक ठसका होता. मी तो ऐकला. ती म्हणाली, "गिरणीतला कापूस," आणि शिडीवरून उतरली.

मी सार तोंडाला लावलं, तेव्हा खालचा ओठ चुरचुरला. फुंकताना पेल्यातला एक थेंब उडून तिथं पडला होता, तेव्हापासून तिथली कातडी कोरडी पडून तडकली होती. भिंती रंगवल्या तेव्हा माझ्या बोटांचं असंच झालं होतं. मी वाटी खाली ठेवली.

चुना.

शिक्षिका व्हायला शिकत होते तेव्हा आमच्या म्हाताऱ्या मास्तरांनी आम्हाला दाखवलं होतं: चुना पाण्यात ढवळायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी गाळून घ्यायचं. झाली चुन्याची निवळी. दिसायला साधं पाणी. त्यात फुंकर मारली की आपल्या श्वासातला वायू चुन्याशी मिळतो आणि बारीक खडू तयार होतो. पाणी पांढरं! कुणाच्याही श्वासानं. राजाच्या, भिकाऱ्याच्या, तान्ह्या बाळाच्या. मला तेव्हा ती गंमत वाटली होती आणि परीक्षा झाल्यावर मी ती विसरून गेले होते.

पोत्यातला उरलेला चुना माझ्याच जिन्यात होता. मी निवळी केली आणि फुंकलं. पांढरं. फुंकत राहिले. ते नितळ होईना. मग निवळीत साधं पाणी घालून ती पातळ केली, आणि पुन्हा फुंकलं. डोकं गरगरायला लागलं, छाती भरून आली, आणि पाणी नितळ झालं. श्वासातला तोच वायू जास्त झाला की खडू पुन्हा विरघळतो. झेफेरीनुच्या छातीत भाता होता म्हणून त्याचा रोग 'बुडाला'. ज्याची छाती आधीच भरलेली, त्याची बया 'जबर'. आणि दुसऱ्या सुरईत असणार साधं विहिरीचं पाणी. म्हाताऱ्यांसाठी, मुकादमासाठी, ज्यांना खूश करायचं त्यांच्यासाठी.

मी खिडकीतून ओरडून सांगितलं. खालून कुणीतरी म्हणालं, "बघा, आता भ्रमात बरळतेय."

डॉक्टर सार्मेंतु तीन दिवसांनी आले. त्यांच्या माथी सगळं शहर होतं. डोळे खोल गेले होते. त्यांनीच अडसर काढला. माझं ऐकून घेतलं, निवळीत एकदा फुंकून पाहिलं, आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसले.

"शाळेत पाहून आलो," ते म्हणाले. "मागच्या खेपेला नऊ होते. आता गाद्या पुरत नाहीत."

"चला पडवीत," मी म्हटलं.

मी बादलीभर निवळी आणि पेला घेऊन निघाले. कुंपणातल्या बोरूच्या नळ्या तोडून घेतल्या, प्रत्येकासाठी वेगळी. मला पाहून पडवीत किंकाळ्या उठल्या, पण डॉक्टर सोबत होते म्हणून कुणी धक्का मारला नाही.

"हे पाणी माझ्या घरचं आहे," मी म्हटलं. "चुना घातलेलं. यात सांव रॉक नाही, कुणी नाही. ज्याच्या मनगटाला दोरा आहे, ज्याचं पाणी नितळ राहिलं होतं, त्यानं पुढं यावं आणि फुंकावं."

कुश्तोदियाआजी तरातरा पुढं आली. "मी फुंकते! ब्रदरची परीक्षा घेता? मी शुद्ध आहे, मेल्यांनो!" तिनं नळी तोंडात घातली आणि दात नसलेल्या तोंडानं फुंकू लागली.

पाणी पांढरं झालं.

"पाहिलंत?" मी विजयानं वळले. "कुणाच्याही श्वासानं होतं! रोगाचा काही संबंध नाही!"

आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. आजीनं पेल्याकडे पाहिलं, हातातली नळी गळून पडली, आणि ती छाती पिटत ओरडली, "लागली गं बाई! मला लागली! दोरा तुटला का माझा? ब्रदर, वाचवा!"

"बाईनं हात लावला ना," ब्रदर लगेच म्हणाला. "लागणारच."

सगळी गर्दी त्याच्याकडे उसळली. मनगटं पुढं, "माझं बघा! माझं पुन्हा बघा!" एकावर एक पडत होते. डॉक्टर ओरडत होते, "लांब व्हा! लांब व्हा एकमेकांपासून!" कोण ऐकतो? मी बादली धरून उभी होते. पुरावा दिला की लोक समजतात असं मी वर्गात कितीदा सांगितलं होतं.

त्या गोंधळात झेफेरीनु आत आला. त्यानं कुणाला ढकललं नाही; त्याचा चेहरा पाहूनच वाट झाली. "डॉक्टर," तो म्हणाला, "देओलिंदा उठत नाही. ओठ निळे पडलेत."

डॉक्टर निघाले. झेफेरीनु त्यांच्या मागे वळला आणि मग थांबला. माझ्या हातातला पेला पाहिला.

"बाई, काय म्हणत होता तुम्ही? कुणाच्याही श्वासानं?"

"कुणाच्याही."

त्यानं पेला नव्या निवळीनं भरला, पिंपावर ठेवला, आणि ब्रदरला म्हणाला, "तू फुंक."

"मी संन्यासी माणूस, बाळा. ही परीक्षा पाप्यांसाठी..."

झेफेरीनुनं त्याची मान धरली. पिंपाच्या फळ्या वाकवणारे हात ते. "फुंक म्हटलं ना."

ब्रदरनं फुंकलं. सगळे टाचा उंचावून बघत होते. पाणी धुरकटलं, दुधाळ झालं, पांढरं झालं.

मग मागून एका बाईचा बारीक आवाज आला, "म्हणजे... ब्रदरलाही लागलीय?"

"नाही!" झेफेरीनु किंचाळला. "कुणाला काही लागलेलं दिसत नाही याच्यात! कळत कसं नाही तुम्हाला? चुना आहे, चुना!" त्यानं काळं कापड ओढलं. एका सुरईच्या बुडाशी पांढरा गाळ बसला होता. दुसरी स्वच्छ. त्यानं पहिलीत बोट घालून चाटलं, थुंकला, आणि सुरई हौदावर आपटून फोडली.

आता कळलं. चेहऱ्यांवरून कळत होतं की कळलं. पण कुणी ब्रदरवर धावून गेलं नाही. माणसं हळूहळू एकमेकांपासून सरकू लागली, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघू लागली, आपण इथं किती वेळा येऊन गेलो ते आठवू लागली. काही जणी दोरा दातांनी तोडत होत्या.

"मी कुणाचं काय घेतलं?" ब्रदर मान चोळत म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता; आता तो नुसता एक थकलेला, भुकेला माणूस वाटत होता. "दोन पाव आणि चार तारल्या. मरणारे मरणारच होते. या डॉक्टरनं काय दिलं तुम्हाला? भीती! मी धीर दिला."

"तुमचा धीर धरून देओलिंदा आजाऱ्यांत जाऊन बसली," मी म्हटलं. "भीती असती तर घरात राहिली असती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग उरलेली सुरई काखेत मारली आणि बोळातून चालता झाला. नाक्यावर पोलीस उभा होता. मी त्याला हाक मारली, सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, मान हलवली आणि बाही खाली ओढली. तरी मला त्याच्या मनगटावरचा लाल दोरा दिसला.

देओलिंदा दोन रात्री झुंजली. मी तिच्याजवळ होते. शेवटी शेवटी तिला बोलायलाही श्वास पुरत नव्हता. ती खूप वेळ माझ्याकडे बघत होती आणि मग म्हणाली, "खिडकी." मी ती आधीच उघडली होती. आणखी काही उघडण्यासारखं नव्हतं. तिच्याबरोबर पोटातलं पोरही गेलं. कुश्तोदियाआजीला साधी शिंकसुद्धा आली नाही. ती सुनेच्या उशाशी बसून सारखी म्हणत होती, "तिचं तर नितळ होतं. नितळ होतं हो तिचं." तिला समजावायला मी तोंड उघडलं, पण झेफेरीनुनं नको म्हणून मान हलवली.

बेटातल्या जवळजवळ प्रत्येक दारातून त्या महिन्यात कुणी ना कुणी गेलं. बहुतेक तरणीताठी. सगळी पडवीतच मेली असं मी म्हणत नाही. काही अशीही गेली असती. पण शाळेचं दार सांभाळलं होतं तोवर आम्ही तगून होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ब्रदर फार लांब गेला नव्हता. दोनच गल्ल्या पलीकडच्या बेटात त्यानं पिंप मांडलं. आवाज ऐकू यायचा: "बुडाली! बुडाली!" मी बादली घेऊन तिथंही गेले. आत कुणी येऊ देईना, म्हणून बोळाच्या तोंडाशी रांगेतल्या लोकांनाच दाखवू लागले. बहुतेकांनी तोंड फिरवलं. एक बाई मात्र लक्ष देऊन बघत राहिली. कडेवर पोर होतं, पोराचे डोळे तापानं चकाकत होते.

"कळलं हो, बाई," ती म्हणाली. "चुना आहे. माझा नवरा गवंडी होता, मला का चुना कळत नाही? पण मग तुमच्याकडे काय आहे?"

"औषध नाही," मी म्हटलं. "याला घरी ने. तू एकटीनंच याच्याजवळ राहा. पाणी पाज. खिडकी उघडी ठेव. आणि या गर्दीत आणू नकोस."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं थोडा विचार केला. रांग पुढं सरकली. तीही पुढं सरकली.

आता त्या रोगाच्या मुळाला विषाणू म्हणतात. तो इतका बारीक असतो की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. पेल्यात तर नाहीच नाही. मी म्हातारी झालेय, आणि शहरात अजून गच्च भरलेली बेटं आहेत, अजून साथी येतात, आणि प्रत्येक साथीबरोबर कुणीतरी पेला घेऊन येतो. पेल्याचा रंग बदलतो, झगा बदलतो. मला आता फार आशा उरलेली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून सांगते.

जो म्हणतो, "माझ्याकडे औषध नाही, पण एकमेकांपासून दूर राहा," त्याचं बोलणं कडू असतं, अपुरं असतं, त्यानं रडू येतं. तरी त्याचंच ऐका. कारण जेवढं माहीत आहे तेवढंच तो सांगतो. आणि जो काहीतरी करून दाखवतो त्याला एकच प्रश्न विचारा. तो विचारायला ना डॉक्टर लागतो, ना शिक्षिका. कोणीही विचारू शकतं: ज्याला रोग नाही त्यानं फुंकलं तर काय होतं?

विचारा. आणि उत्तर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रांगेत उभे राहू नका.